पान उमटलेलं अंडं

भरवेलीच्या खाण-कॉलनीत त्या शनिवारी नळावरसुद्धा चिटपाखरू नव्हतं. सगळी गर्दी लोटली होती तारेच्या कुंपणापलीकडे, अनुसयाच्या झोपडीपुढे. मधोमध पाटावर दुलीचंदबाबा, आणि त्याच्या तळहातावर ते अंडं. विटकरी रंगाचं, आणि त्यावर एक पांढरं पान उमटलेलं, अगदी देठासकट!

"देखो भाइयो, मुर्गी के पेट में पेड़!" बाबा गरजला. "पान पोटात उगवलं म्हणजे करणी पक्की. कॉलनीत ताप फिरून राह्यला, तो ह्याच घरातून. हात नका लावू! अंदर नाग है!"

अंड्यात नाग! खाणीत रोज सुरुंग लावणारे बाप्ये, पण तेही दोन पावलं मागे सरकले.

बाबाचा हुकूम साधा होता. अनुसयानं आजच झोपडी सोडून जावं, आणि तिच्या कोंबड्या बाबाच्या हवाली कराव्या. तो त्या म्हणे जंगलात 'विसर्जित' करणार. पहिली, तांबडी, काल संध्याकाळीच विसर्जित झाली होती. आज बाबाच्या मिशीला अजून तेल होतं, पण ते कोणाला दिसायला हवं ना!

कुंपणाच्या अलीकडे नूतन उभी होती. ते पान कुठून आलं, हे अख्ख्या भरवेलीत फक्त तिलाच ठाऊक होतं.

नूतनला अंड्यांशी खेळायचा भारी नाद. तिच्या चार वर्षांच्या लेकीला, श्रियाला, साधं अंडं घशाखाली उतरत नसे. मग नूतन कधी त्याला मिरीचे डोळे लावून ससा करी, कधी पोळीत भोक पाडून त्यात अंडं फोडी. पण हे सगळं परसात, वेगळ्या पातेल्यात, सासूबाई घरी नसताना. अहिल्याबाईंच्या घरात अंडं म्हणजे विटाळ, आणि त्यात मार्गशीर्ष! गुरुवारी त्या शेजारी कहाणी ऐकायला गेल्या आणि नूतननं एक नवा खेळ मांडला. अंडं उकडून होतं न होतं तोच पुढचं दार वाजलं. घाईघाईत तिनं ते तारेवरून हात घालून अनुसयाच्या डालग्यात, कोंबडीखाली सरकवलं. सकाळी काढून घेऊ, म्हणाली. पण सकाळी अनुसया तिच्याआधी उठली.

आणि भोळी बाई ते नाचवत दारोदार फिरली. "पाहा वं, माह्या तांबडीनं काय देल्लं!" दुपारपर्यंत बातमी बाबाच्या कानावर गेली.

तेव्हाच बोलायला हवं होतं. नूतन बोलली नाही. संध्याकाळी तांबडीचा कलकलाट ऐकू आला, तेव्हा ती वरण ढवळत होती, आणि ढवळतच राहिली. सासूबाईंच्या चार बोलांना भिऊन आपण एका विधवेच्या पोटावर पाय दिला, हे तिला कळत होतं, आणि तरी तोंड उघडत नव्हतं. आपलीच तिला लाज वाटत होती.

"माह्या अंड्यानं कोणाचं वाईट झालं?" अनुसया रडकुंडीला आली होती. "नूतनबाई, तुम्ही तं सांगा! श्रियाले मीच अंडे देतो ना?"

सगळ्या माना वळल्या. अहिल्याबाई पुटपुटल्या, "काय म्हणते ही? नूतन, चाल घरात."

नूतन घरात गेली. दोन मिनिटांनी बाहेर आली, ती स्टोव्ह आणि ते वेगळं पातेलं घेऊन, आणि कुंपण ओलांडून थेट पाटापुढे बसली.

"काकू, एक अंडं द्या," ती अनुसयाला म्हणाली. तिनं अंडं ओलं केलं, त्यावर कोथिंबिरीचं पान चिकटवलं, जुन्या ओढणीच्या फडक्यात घट्ट बांधलं आणि कांद्याच्या टरफलांच्या पाण्यात सोडलं. पाणी लाल झालं. गर्दी टाचा उंचावून पाहू लागली. बाबा मंत्र मोठ्यानं म्हणू लागला आणि मध्येच विसरला.

अंडं शिजल्यावर फडकं सुटलं. विटकरी अंडं, पांढरं पान!

"जिथं पान चिकटलं, तिथं रंग लागत नाही. ते अंडंही मीच केलं होतं. परवा, श्रियासाठी. आईंना कळू नये म्हणून डालग्यात लपवलं."

"ये नकली है!" बाबा ओरडला. "असली तो मुर्गी ने दिया है!"

"कोंबडीनं दिलं, तर कच्चं असेल ना?" नूतननं त्याच्या हातातलं अंडं उचललं आणि पाटावर फिरवलं. ते भोवऱ्यासारखं गरगरलं. मग डालग्यातलं एक ताजं फिरवलं. ते डगमगलं आणि थांबलं. "पाहिलं? कच्चं असं डुलतं. शिजलेलंच गरगरतं. बाबाजी, तुमच्या गावच्या कोंबड्या अंडी उकडून देतात का?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. "फोडू नको, नाग!" बाबा किंचाळला. नूतननं ते पाटावर आपटलं, सोललं. आत पांढरं, पिवळं, बस्स. आणि सासूबाईंच्या डोळ्यांदेखत, मार्गशीर्षात, तिनं ते खाल्लं.

हशा पिकला. खाण कामगारांनी बाबाला पाटासकट उचलून सडकेवर नेऊन ठेवलं. अहिल्याबाई घरात गेल्या. पुढं महिनाभर नूतननं त्यांचे टोमणे खाल्ले, आणि बिनतक्रार खाल्ले.

पण त्या दिवशी ती तारेपाशी गेली, तेव्हा अनुसया तांबडीची पिसं गोळा करत होती.

"काकू, मी..."

"हौ, बोलल्या तुम्ही. बरं झालं," अनुसया वर न पाहता म्हणाली. "काल काहून नाई बोलल्या वं?"

बाबा लबाड होता, त्याला फुकटची कोंबडी हवी होती. लोक भोळे होते, त्यांना ठाऊक नव्हतं. नूतनला तर सगळं ठाऊक होतं!

तेव्हा बाबांनो, आयांनो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी तो फोडून पाहा. आणि आत काय आहे ते तुम्हाला आधीच माहीत असेल, तर त्याच घडीला बोला. दुसऱ्या दिवशी सांगितलेलं खरं तांबडीच्या काय कामाचं?