रक्ताचे थेंब टाकणारं यंत्र

ओंदा गावच्या फरशीच्या कारखान्यात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. नक्षी छापणाऱ्या यंत्राच्या पट्ट्यावरून कोरी पांढरी फरशी सरकत येई, पापी ओळखून दाखवणारे साधू बंधू एलादी यंत्राला रेलून डोळे मिटत, आणि समोर पापी उभा असला की फरशीवर तांबडे थेंब उमटत. रक्त! मालकानंच बोलावलेलं त्यांना, मग शंका घेतो कोण?

आज समोर होते गास्पार, हे यंत्र चालवणारे, शाळकरी ल्येदोचे बाबा. परवाच त्यांनी एलादीला भोंदू म्हणून दाराबाहेर काढलं होतं. थेंब पडले मात्र, रोज त्यांच्यासोबत खाणारी माणसं त्यांच्यावर तुटून पडली. नाक फुटलं, दात पडले, जबडा लोंबू लागला. दोघांनी त्यांचा हात लोखंडी चौकटीवर दाबून धरला आणि त्यांच्याच जोडीला काम करणाऱ्या साल्वानं हातोडा उचलला.

“हात नाही, पाप मोडतोय आपण,” एलादी मधाळ आवाजात म्हणाला. “दुखेल, पण ते पापाला.”

ल्येदो कोपरं मारत घुसली. आडव्या आलेल्या एका मनगटाला तर ती कडकडून चावली. सुट्टीत बाबांसाठी ती दहाच्या खाण्याचा पाव घेऊन यायची. सगळे खात बसले की पट्टा रिकामा फिरायचा, आणि यंत्र आपलं आपण तांबडे थेंब टाकत राहायचं. असं का, ते तिनं एकदा बाबांना विचारलंही होतं, आणि त्यांनी नीट समजावलं होतं. आणि आता एलादीची लांबरुंद बाही नेमकी कुठे लोंबतेय, ते तिला दिसलं.

“साल्वाकाका, हातोडा मग मारा. आधी तुमचा अंगठा द्या.”

तिनं बाही हिसकून बाजूला केली. पुढची फरशी स्वच्छ गेली. तिथल्या काचेच्या बारक्या डोळ्यावर तिनं साल्वाचा अंगठा दाबला. त्यानंतरची फरशी रक्ताळली.

“आता तुम्ही पापी का?”

साल्वानं अंगठा झटकन मागे घेतला.

“हा सेन्सर. फरशी आली की आतल्या कंट्रोल बोर्डाला हाच सांगतो. झाकला, की बोर्डाला वाटतं पट्टा रिकामा आहे. मग शाईची छिद्रं सुकू नयेत म्हणून तो थोडी शाई टाकून देतो. रक्त नाही, शाई आहे ती.”

मग तोच हातोडा एलादीकडे वळला. तो भिंतीशी अंग चोरून उभा राहिला. ल्येदो मध्ये आली.

“नको. याला पोलीस बघतील. आधी बाबांसाठी गाडी बोलवा.” ती हटली नाही. “आणि पुन्हा कुणी चमत्कार दाखवला, तर त्याचा हात कुठे आहे ते आधी बघा. आपला उचलायच्या आधी.”

साल्वानं हातोडा खाली ठेवला आणि गास्पारचं डोकं मांडीवर घेतलं.