माझ्या धुवणाचं पाणी

“पोरी, हिच्या धुवणात निळा कागद लाल होतोय. अंगातलं आम्ल झिरपतंय हिच्या. बघ जरा,” बाटल्या धुणाऱ्या मावशी म्हणाल्या होत्या.

“मावशी, आता प्रबंध तुम्हीच लिहा!” माझ्यावर प्रबंध लिहिणारी ताई हसली. खरं सांगते मित्रांनो, मीही मनात हसले होते.

मी एक जुनी काळी भुकटी आहे. प्रयोगशाळेच्या कपाटात, मागच्या रांगेत, बाटलीत असते. माझा जन्म साखरेतून झाला. ताईने साखर भट्टीत तापवून तिचा कोळसा केला, तो तीव्र आम्लात शिजवला आणि कागदाचा रंग बदलेनासा होईपर्यंत गरम पाण्याने धुतला. आम्ल माझ्या कणाकणाला चिकटून राहिलं. माझं काम भुशाची साखर करणं. ते नुसत्या पातळ आम्लानेही होतं, पण ते आम्ल तयार साखरेत मिसळून जातं, वेगळं काढणं फार कठीण. मला मात्र गाळून पुन्हा वापरता येतं. एवढाच माझा मान.

लाकडाचा भुसा, पाणी आणि मी पोलादी भांड्यात तापू लागलो की भुशातल्या सेल्युलोजच्या लांब साखळ्या मी तोडायचे आणि त्यांची साखर व्हायची. पहिल्या खेपेला शंभरातले साठ भाग साखर झाले. “ही माझी थोरली लेक,” ताई सगळ्यांना सांगायची. धाकटी घरी होती, सात महिन्यांची. “धाकटी रात्रंदिवस रडते. ही कध्धी रडत नाही.”

चौथ्या खेपेला तीसच निघाले. धुवणात कागद लालभडक, मावशी म्हणाल्या होत्या तसाच. ताईने तो मुठीत चुरगळला आणि वहीत लिहिलं, साठ. प्रबंध द्यायला आठवडा उरला होता.

पुढे दुसऱ्या प्रयोगशाळेत पडताळणीत माझ्याकडून जेमतेम बारा निघाले, तेव्हा तिच्या मार्गदर्शक सरांनी तिला विचारलं. ती खाली बघत म्हणाली, “भुकटीनेच दगा दिला, सर.”

थोरली लेक म्हणणारी ताई! पुन्हा आम्ल चढवलं असतं तर मी उभी राहिले असते. दोन दिवसांचं तर काम.

“तू कसं गं सगळं जमवतेस?” असं तिला सगळे म्हणायचे. उत्तर ऐकायला कोणी थांबायचं नाही. आता दोन आठवडे ती आलेली नाही, असं मावशी सांगत होत्या.

मित्रांनो, माझा राग गेलेला नाही. तरी कुणीतरी तिच्या घरी जा. बरी आहेस ना, असं दारातून विचारू नका, ती हो म्हणेल. आत जा, बाळ तिच्याकडून घ्या आणि तिच्याकडे नीट बघा.