एकशे बारा लेखक आणि ताईचं काउंटर

घरी त्याला पोपट म्हणायचे. लहानपणी ऐकलेलं सगळं तो जसंच्या तसं म्हणून दाखवायचा, म्हणून. नाव ठेवलं होतं थोरल्या बहिणीनं, तेव्हा ते सुटायची आशाच नव्हती. पुढे पोपटाला नोकरीही शोभेलशीच मिळाली. दवाखान्यांत पेशंटच्या वेळा लावायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत तो मदतीच्या फोनवर बसला आणि नऊ वर्षं हेडफोन लावून समोरच्या कागदावरची वाक्यं गोड आवाजात वाचत राहिला.

मग कंपनी चालवणाऱ्या मॅडमच्या काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी त्याला प्रॉडक्ट मॅनेजर करायचं ठरवलं. म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये पुढे काय करायचं आणि काय मुळीच करायचं नाही, हे ठरवणारा माणूस. अट एकच होती.

"तीन महिन्यांनी एक बदल सुचवायचा आणि तोच का, ते मला पटवून द्यायचं. पटलं तर खुर्ची तुझी. नाहीतर हेडफोन कुठे गेलेत?"

त्या हेडफोनकडे पोपटाला परत जायचं नव्हतं. शिकायला तर हवं, पण कोणाकडून? इंटरनेटवर या विषयावर लिहिणारे पोत्यानं होते. पोपटानं दिसेल त्याला फॉलो केलं. एक म्हणाला, ग्राहकाचंच ऐका. दुसरा म्हणाला, ग्राहकाचं चुकूनही ऐकू नका. तिसरा म्हणाला, दोघांचंही बरोबर आहे, माझा कोर्स घ्या. दोन महिने सरले तेव्हा यादी एकशे बारावर गेली होती आणि सुचवायच्या बदलाचा अजून पत्ता नव्हता.

ताई खालच्याच मजल्यावर राहायची. डोळ्यांच्या एका दवाखान्यात ती रिसेप्शनवर होती, वेळा पोपटाच्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरवर लावायची आणि संध्याकाळी चहाला वर यायची. पोपटानं तिला कौतुकानं आपला तक्ता दाखवला. प्रत्येक लेखकाला दहापैकी गुण होते, वर रंगही होते.

"एक ना धड भाराभर चिंध्या," ताई म्हणाली. "हा हिरवा कोण?"

"तो रोज लिहितो."

"मग काम कधी करतो?"

पोपटानं मुकाट्यानं हिरवा खोडला.

"आणि हा दहापैकी दहा?"

"तो फार मोठा आहे ताई. लाखभर लोक वाचतात त्याला."

"त्यानं स्वतः काय बनवलंय?"

पोपटानं शोधलं. चहा गार होईपर्यंत शोधलं. त्या गृहस्थानं कोर्स बनवला होता.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान," एवढंच म्हणून ताईनं त्याचा गार चहाही पिऊन टाकला.

आता हा तिचा रोजचाच खेळ झाला. स्वतः काही बनवलंय का? कधी चुकलाय का, आणि चुकला ते नीट सांगितलंय का? या दोन प्रश्नांत एकशे नऊ जण गळाले. उरलेल्या तिघांत एक बाई होती. बसच्या आगारांसाठी सॉफ्टवेअर करायची, दोन महिन्यांतून एकदा लिहायची, वाचणारे जेमतेम ऐंशी. तिनं लिहिलं होतं, की वर्षभर मी चुकीचंच बनवत होते, कारण तिकीट देणाऱ्यांना मी प्रश्न विचारले, पण त्यांच्या शेजारी कधी बसले नाही. शेवटी एक दिवस तोंड मिटून बसले, आणि दुपारपर्यंत सगळं कळलं.

"काय सुंदर कल्पना आहे बघ," पोपट म्हणाला.

ताईनं कप खाली ठेवला. "दोन वर्षं कानीकपाळी ओरडतेय, एकदा माझ्या काउंटरवर येऊन बस म्हणून. तेव्हा नाही ती सुंदर वाटली."

दुसऱ्या दिवशी पोपट रजा टाकून काउंटरमागे स्टुलावर बसला. तोंड उघडलंस तर पेशंटांत नेऊन बसवीन, अशी ताकीद मिळाली होती. तासाभरात त्याच्या लक्षात आलं, की ताई फोनवर लोकांना नऊची वेळ देते आणि सॉफ्टवेअरमध्ये नऊ वीस लिहिते. साडेनऊ सांगते, नऊ पन्नास लिहिते. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यानं कसाबसा दम धरला.

"खोटं का लिहितेस?"

"माणूस दहा मिनिटं उशिरा आला की तुमचं सॉफ्टवेअर त्याला गैरहजर ठरवून नोंदच पुसतं. मग नाव, वय, फोन, सगळं पहिल्यापासून. म्हाताऱ्या माणसांना जिना चढायलाच दहा मिनिटं लागतात."

पोपटाला ऑफिसची भिंत आठवली. या दवाखान्याचे पेशंट वीस मिनिटं आधीच येतात, असा आलेख ऑफिसच्या भिंतीवर लावला होता. सगळ्यांना त्याचा केवढा अभिमान होता.

"तक्रार करायचीस की फोनवर."

"केली होती. दोन वर्षांपूर्वी. तूच उचललास."

"मग बोलली का नाहीस, मी ताई म्हणून?"

"दवाखान्याचं नाव सांगितलं, तरी तुला कळेना. आणि इतका गोड बोलत होतास. घरी कधी बोलला नाहीस तसा. म्हटलं, ऐकून घ्यावं."

ती हसत होती, पण पोपटाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऑफिसात त्यानं जुन्या नोंदी काढल्या. तारीख होती, दवाखान्याचं नाव होतं आणि खाली त्याचाच शेरा होता: ग्राहकाचे समाधान झाले. बदल तर तो नोंदीशिवायही सुचवू शकत होता, कोणाला कळलंही नसतं. पण मग त्याच्यात आणि त्या एकशे नऊ जणांत फरक तो काय राहणार होता?

त्यानं मॅडमपुढे आधी ती नोंद ठेवली, मग बदल सांगितला. उशिरा आलेल्याची नोंद पुसायची नाही.

मॅडमनी शेरा दोनदा वाचला. "हा कोणाचा?"

"माझा."

मॅडमनी शेरा तिसऱ्यांदा वाचला. पोपटानं मनातल्या मनात हेडफोन कानाला लावूनही टाकले.

"भिंतीवरचा तो आलेख काढून टाक," त्या म्हणाल्या. "आणि हेडफोन जमा कर."

"हेडफोन राहू देत माझ्याकडे," पोपट म्हणाला. "रोज सकाळी एक तास फोन घेईन म्हणतो. कागद नको."

सोमवारी नवी खुर्ची मिळाली. पहिल्याच तासाला पहिलाच फोन वाजला. पलीकडून एक बाई अगदी परक्या, औपचारिक आवाजात म्हणाल्या, "नमस्कार. डोळ्यांच्या दवाखान्यातून बोलतेय. आमची एक तक्रार होती."

"बोल ताई," पोपट म्हणाला. "ऐकतोय."

पलीकडे ताईनं नाक ओढलं आणि दुसरी तक्रार सांगायला सुरुवात केली. तिच्याकडे अजून अकरा होत्या.