रश्शावरचं पाणी

कमलाने बरगडीचे तुकडे कोरड्या पातेल्यात एकेक करून लावले, चरबीची बाजू खाली, आणि चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं. आच मंद हवी. तेलाचा थेंबही घालायचा नव्हता, आणि घालायचा म्हटला तरी होता कुठे? सत्त्याहत्तरचा हिवाळा, राशनच्या दुकानात दिवाळीपासून तेलाचा पत्ता नव्हता. डुकराच्या मटणाचं हेच बरं. बकऱ्यापेक्षा कितीतरी स्वस्त, आणि आपलं तेल आपणच घेऊन येतं.

नालवाडीतल्या त्या दोन खोल्यांत आज पाहुणे जेवायला येणार होते. कमलाच्या नवऱ्याच्या, प्रेमदासच्या कचेरीतले बबनराव आणि त्यांची बायको आनंदाबाई. बबनराव कुणबी, घरी शेतीवाडी. "आपण नाई मानत जातपात. एकदा तुमच्या घरचं डुकराचं खिलवा ना बाप्पा," असं ते चारचौघांत म्हणाले होते, आणि तेव्हापासून प्रेमदासचे पाय जमिनीला लागत नव्हते. इतकी वर्षं नोकरी झाली, पण कचेरीतलं कोणी त्याच्या घरी जेवलं नव्हतं. चहाला बोलवावं तर आत्ताच घेतलेला असायचा, जेवायला बोलवावं तर नेमका उपास.

चरबी सुटली, तुकडे तांबूस झाले. त्याच चरबीत कमलाने कांदा-लसूण परतला. खोबऱ्याचं नाव काढायची सोय नव्हती, म्हणून रस्सा दाट व्हायला ज्वारीचं पीठ भाजून लावलं. एवढ्यात सासू, सीताबाई, मागून आली आणि तिने मूठभर तिखट पातेल्यात टाकलं.

"अवो माय! काऊन एवढं टाकून राह्यल्या? पाहुण्याच्या डोळ्यातून पाणी निघन."

"निघू दे."

"पण तेच तर पह्यल्यांदा येऊन राह्यले..."

"खाणं सोपं असते व पोरी. फुशारकीसाठी माणूस काईबी खाते. तिखट लागल्यावर पाणी पेते का, ते मले पाहू दे. अन् प्रेमदासले नोको सांगू."

लहानपणी समुद्रपूरला सीताबाई विहिरीपासून दूर घागर घेऊन उभी राहायची, कोणीतरी वरून ओतेल म्हणून. त्याबद्दल ती बोलत नसे. फक्त घरी कोणी आलं की आधी पाण्याचा पेला पुढे करी आणि त्याच्या हाताकडे बघत राही.

दिवेलागणीला पाहुणे आले. आनंदाबाई डोक्यावरचा पदर सावरत सतरंजीच्या कडेला बसल्या. आपण हे कधी खाल्लं नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं.

"मले रस्साच द्या. तुकडा नोको."

बबनराव मात्र भाकर कुस्करून तुटून पडले.

"वा वहिनी! तेलाबिगर एवढी तर्री?"

"त्याच्याच चरबीची हाय," कमला म्हणाली.

त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. कपाळ घामाने डबडबलं, कान लाल झाले, रुमाल सारखा नाकाला. सीताबाईने स्वतः भरून ठेवलेला पेला त्यांच्या उजव्या हाताशीच होता.

"पाणी घ्या ना," प्रेमदास म्हणाला.

"जेवताना पाणी पेत नाई मी. पचन बिघडते."

प्रेमदासने मान हलवली आणि घाईघाईने त्यांना आणखी भाकर वाढली.

आनंदाबाईंना मात्र सोसवेना. डोळ्यांतून धारा लागलेल्या, त्या ताटावरून उठून तडक चुलीपाशी आल्या.

"माय, पाणी द्या वो! जीव चालला माहा."

सीताबाईने माठात तांब्या बुडवला. ती ओतायला वाकणार, तोच आनंदाबाईंनी तो तिच्या हातातून घेतला आणि तोंड लावून घटाघटा संपवला.

"अजून," त्या म्हणाल्या.

बाहेर बबनराव बोलता बोलता क्षणभर थांबले. मग पुन्हा त्यांची गोष्ट सुरू झाली.

पाहुणे गेल्यावर प्रेमदास ताटं उचलू लागला. एरवी तो कधी उचलत नसे.

"पाह्यलं ना माय? दोनदा घेतलं त्यानं."

"पाह्यलं."

सगळी भांडी उचलून झाली. सतरंजीपाशी फक्त पेला राहिला, काठोकाठ भरलेला. प्रेमदास त्याच्यासमोर उभा राहिला. त्याचा आवाज एकदम खाली आला.

"कचेरीत डब्यासंग अख्खा तांब्या पेते तो."

सीताबाईला तेव्हा फार वाईट वाटलं. आपण पाहिलं ते पाहिलं, पण पोराला दाखवायला नको होतं. तिने पेला उचलला, दारातल्या पपईच्या बुडाशी रिकामा केला आणि आत आली.

"कमले, पुढच्या खेपेले तिखट कमी टाकजो," ती म्हणाली. "त्या बाईले लय त्रास झाला."