उमेदवाराचं शिलाई मशीन

पहिल्या पानावर माझं नाव पहिल्यांदाच छापून आलं आणि आत्यानं अर्ध्या मिनिटात माझा सगळा तोरा उतरवला. आत्या कपडे शिवते. दुकान घराच्या पुढच्याच खोलीत. कपड्यांचे नमुने ती आधी जुन्या वर्तमानपत्रांतून कापते, त्यामुळे माझ्या बातम्या आजवर बाह्या आणि कॉलरींच्याच कामी आल्या होत्या.

फोटोत निवडणुकीतला एक उमेदवार शिलाई मशीनवर बसलेला. खाली माझी ओळ: ‘शिवणकाम करून शिकला, हात आजही तितकाच सराईत.’

"अगं, मशीनचा सुईजवळचा पाय तर वर उचललेलाच आहे," आत्या म्हणाली. "कापड दाबलंच नाही तर टाका पडेल का? तुझा सराईत हात हवा शिवतोय!"

मी खो खो हसले आणि मग माझा चेहराच पडला. प्रचार कार्यालयातून आलेली ओळ मी जशीच्या तशी चिकटवली होती, कुणाला एका शब्दानं विचारलं नव्हतं. फार लाज वाटली.

बातमी दुरुस्त करायची म्हटल्यावर संपादक वैतागले. "मतदान आठवड्यावर आलंय आणि तू आत्याच्या चष्म्यातून बातमी फिरवणार? तुला नोकरीत कायम करायचं पत्र माझ्या टेबलावर पडलंय, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे, सर. पण बातमीवर नाव माझं आहे."

"मग पाचच्या आत त्याच्याच तोंडून ऐकून ये."

उमेदवारानं फोटो पाहिला. तो अंगावर येईल असं वाटलं होतं; त्यानं फक्त कार्यकर्त्यांना बाहेर पाठवलं. "आई शिवायची," तो म्हणाला. "मला मशीनला हात लावू द्यायची नाही. म्हणायची, तू अभ्यास कर. मी नुसती बटणं लावायचो."

"मग तेच का नाही सांगितलंत?"

"बटणांना कोण मत देतं?"

माझं डोकंच फिरलं. "जन्मभर मशीन चालवलं आईनं आणि फोटोला बसलात तुम्ही?"

त्यानं फोटो उलटा करून ठेवला. मग म्हणाला, "आई घरीच आहे. अजून शिवते. तिच्याकडे जा, आणि काय ते खरं छापा."

पाचला दहा मिनिटं कमी असताना मी संपादकांसमोर नवा फोटो ठेवला: मशीनवर वाकलेली म्हातारी. सोबत बातमी: ‘उमेदवार नव्हे, त्याची आई शिवत असे. आधीची ओळ मी न तपासता लिहिली होती.’

संपादकांनी दोनदा वाचलं. "हा तरी आत्याला दाखवलास का?"

मी तिथूनच तिला फोटो पाठवला आणि फोन लावला. "पाय खाली आहे," आत्या म्हणाली. "आणि टाका बघ किती बारीक घालतेय!"

संपादकांनी बातमी पहिल्या पानावर लावली. टेबलावरच्या पत्रावर सही करत ते पुटपुटले, "तुझ्या आत्यालाच नोकरीला ठेवायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी आत्यानं कुणाच्या तरी कॉलरचा नमुना कापायला आदल्या दिवशीचा अंक घेतला आणि उमेदवाराच्या फोटोवरून सरळ कात्री चालवली. नवा अंक मी पुढे केला, तशी तिनं हात मागे घेतला. "तो राहू दे," ती म्हणाली. "तो मी कापणार नाही."