डोरिस रेटगाडी आणि डॅरलचा खांदा

मित्रांनो, आजवर हजारो माणसे डोके खाली घालून माझ्या अंगावर धावून आली, आणि मला त्यांतल्या एकाचाही राग आला नाही. त्यासाठीच तर मला बनवले होते. मी एक जुनी रेटगाडी आहे. रग्बीत दोन्ही संघांचे आठ-आठ गडी वाकतात, एकमेकांना घट्ट धरतात आणि खांदे भिडवून समोरच्यांना मागे रेटतात. त्याला स्क्रम म्हणतात. रोज खऱ्या माणसांना रेटत बसले, तर शनिवारच्या सामन्याला कोणी धड उरायचे नाही. म्हणून सरावाला मी.

इंग्लंडातल्या सेव्हर्न नदीच्या काठी नांगर आणि गोठ्यांची फाटके बनवणारे दोन भाऊ होते. त्यांनी मला घडवले. त्यांनी अशी गाडी पूर्वी कधी केली नव्हती, त्यामुळे मी थोडी कुळवासारखी आणि थोडी फाटकासारखी दिसते. खाली चिखलात घसरायला लोखंडी पट्ट्या, पुढे खांदे टेकायला जाड गाद्या, मागे प्रशिक्षकाला वजन म्हणून उभे राहायला फळी, आणि बाजूला एक गोल तबकडी. गडी किती जोर लावतात ते तिच्यावरचा काटा दाखवतो. हॅम्बरीच्या रग्बी क्लबात मी आले त्याच दिवशी कोणीतरी मला डोरिस म्हणाले. का, ते अजून कोणी सांगितलेले नाही. पण नाव मला आवडते.

डॅरल टीग क्लबात आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. जंगलाच्या कडेच्या एका दूधवाल्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याची मान डोक्याइतकीच रुंद होती. त्याची जागा पहिल्या रांगेत, उजव्या टोकाला. या जागेवरच्या गड्याला प्रॉप म्हणतात, आणि समोरच्यांचा सगळा भार त्याच्या मानेवर येतो. "वाका, धरा, भिडा" असा हुकूम असतो. डॅरल पहिल्याच दिवशी "धरा"ला भिडला, पाय घसरून पडला आणि माझ्या पट्टीखालच्या चिखलात त्याचे तोंड बुडाले.

"अरे पोरा, तिला रेटायचंय, मिठी नाही मारायची," फळीवरून मॉरिस प्रॉसर ओरडले. "डोरिस चारचौघांत असलं खपवून घेत नाही."

प्रॉसर स्क्रमचे प्रशिक्षक. वय साठीचे, कान फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे, आवाज नदीपल्याडच्या तीरावर पोहोचेल एवढा. त्यांना बाजूला बघायचे असले की कमरेपासून अख्खे वळावे लागे. मुले पाठीमागे त्यांची नक्कल करत. मलाही तेव्हा हसू येई. आता त्याची लाज वाटते.

डॅरलने बारा वर्षे मला रेटले. सकाळी सहा अंडी खाऊन यायचा, सोमवारी वजनकाट्यावर उभा राहायचा, शनिवारी खेळायचा आणि रविवारी जिना उतरताना कण्हायचा. बारा वर्षांत त्याने तीनदाच चेंडू रेषेपलीकडे टेकवून गुण मिळवले, आणि त्यातल्या एका वेळी तो नुसता पडला होता. एकदा इंग्लंडच्या संघाने त्याला आठवडाभर सरावाला बोलावले. तो खेळल्याशिवायच परत आला.

"काय दिलं तिकडं?" प्रॉसरनी विचारले.

"मोजे," डॅरल म्हणाला. "पण जेवण काय झकास होतं, मॉरिस!"

त्या उत्तरासाठी तो मला कायमचा आवडला. टाळ्या त्याला मिळायच्या, मला नाही. पण दर शुक्रवारी सराव संपला की तो माझ्या गादीवर दोनदा थाप मारून जायचा, आणि तेवढ्यावर माझा आठवडा छान जायचा.

हॅम्बरीत एक रीत आहे. जो गडी क्लबासाठी दोनशेवा सामना खेळतो, तो त्या दिवशी एकटाच आधी मैदानात जातो. समोरचा संघ दोन रांगा करून उभा राहतो आणि तो त्यांच्यामधून टाळ्यांत चालत जातो. क्लबाच्या साऱ्या इतिहासात हा मान सातच जणांना मिळाला होता. डॅरलचे एकशे नव्व्याण्णव झाले होते आणि दोनशेवा सामना शनिवारी होता. त्याचे वडील गोठा शेजाऱ्यावर सोपवून येणार होते. चाळीस वर्षांत त्यांची गाईंच्या दुधाची वेळ कधी चुकली नव्हती.

त्या आठवड्यात मंगळवारी डॅरलचा उजवा खांदा माझ्या गादीला टेकला आणि मी चरकले. खांदा नुसता टेकला होता. त्यात जोर नव्हता.

मागच्या रांगेत, बरोबर त्याच्या पाठीशी केल्विन हेल असायचा. उंच इतका की दारातून वाकून यायचा. डॅरल त्याच्याकडे मान न वळवता पुटपुटला, "केल्व्ह, माझ्या ढुंगणाखाली खांदा नीट लाव आणि जरा जास्त रेट."

"म्हणजे तुझा पण भार मीच वाहू? दोन ग्लास सायडर लागेल."

"चार घे. शनिवारपर्यंत रेट फक्त."

केल्विनचा आवाज उतरला. "हात गेलाय का रे?"

"मुंग्या येतायत. प्रत्येकालाच येतात."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"शनिवारनंतर सांगतो. बाबा येतायत, केल्व्ह."

केल्विनने दोघांचा जोर एकट्याने लावला, आणि माझा काटा रोजच्या जागी जाऊन थांबला. मित्रांनो, माझी तबकडी एकूण जोर सांगते, कोणाचा किती ते सांगत नाही. मी खोटे बोलले नाही, पण माझ्या आडून खोटे लपत होते. मला सगळे कळत होते आणि मला तोंड नव्हते. इतके वाईट मला गंजतानाही वाटले नाही.

गुरुवारी पुन्हा तेच. काटा छान वर गेला. एरवी प्रॉसर "शाब्बास" म्हणून चहाला गेले असते. त्या दिवशी ते फळीवरून उतरले आणि चिखलाकडे बघत राहिले. बुटाच्या खिळ्यांचे चिखलातले ओरखडे ते वर्तमानपत्रासारखे वाचत. मागे केल्विनच्या पायांनी दोन खोल चर पाडले होते. पुढे डॅरलच्या पायांखालचे गवत जवळजवळ तसेच होते.

"सगळे बाजूला व्हा," ते म्हणाले. "डॅरल, तू एकटा."

"मॉरिस, आत्ताच तर झालं..."

"वाक. धर. भिड."

डॅरल भिडला. त्याने दात आवळले, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, आणि माझा काटा जेमतेम थरथरून खाली बसला.

मग केल्विन म्हणाला, "चूक माझी आहे. मी रेटत होतो."

"तुला दोस्ती कळते, लेका, मानेचं दुखणं कळत नाही," प्रॉसर म्हणाले. ते डॅरलकडे अख्खे वळले. "मी असा का वळतो, माहितीये? मलाही एक शनिवार खेळायचाच होता. तेव्हा मला कोणी थांबवलं नाही. त्या सामन्यात आम्ही कोणाशी खेळलो, ते मला आता आठवतसुद्धा नाही."

"एकच सामना, मॉरिस. पाया पडतो तुमच्या."

"बाबांना येऊ दे. त्यांच्याशेजारी बसून सामना बघ. शनिवारी तू खेळणार नाहीस."

डॅरलने हातातली बाटली भिरकावली. ती माझ्या तबकडीवर आदळून काच तडकली. तो तडा अजून आहे, आणि मी ती काच कोणाला बदलू देत नाही असे समजा.

पुढचे मला केल्विनच्या बोलण्यातून कळले. डॅरलच्या मानेतल्या दोन मणक्यांमधली चकती सरकून नसेवर बसली होती. आणखी एक जोराचा स्क्रम झाला असता, तर तो हात कायमचा लुळा पडला असता. ऑपरेशन झाले, हातात जीव आला, पण खेळ संपला. एकतिसाव्या वर्षी, एकशे नव्व्याण्णव सामन्यांवर. तीन महिने तो प्रॉसरशी बोलला नाही. चौथ्या महिन्यात त्यांच्या घरी गेला, आणि दोघांनी मिळून त्यांची बाग खणली म्हणे. गावात मात्र सगळे त्याला चिडवतात, "एकशे नव्व्याण्णव! दुकानातल्या सेलचा माल आहेस तू!" तो सर्वांत मोठ्याने हसतो.

नंतर क्लबाने विजेवर चालणारी नवी रेटगाडी घेतली. ती प्रत्येकाचा जोर वेगळा मोजते. चांगली आहे बिचारी. मला त्यांनी कुंपणाशी ठेवले. खाजरे तण वाढले, फळीखाली रॉबिन पक्ष्याने घरटे केले. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? मग एके दिवशी डॅरल वडिलांचा ट्रॅक्टर घेऊन आला आणि मला त्याच्या गावी घेऊन गेला. घरट्यातली पिल्ले उडेपर्यंत त्याने मला हात लावला नाही. नंतर मात्र खरवडून, तेल देऊन, पुन्हा लाल रंगवले.

आता मी गावच्या संघाची आहे. बेकरीवाली, छपरे शाकारणारा, शाळेतले मास्तर असे सगळे येतात. डॅरल फळीवर उभा असतो. त्याचा नियम एकच. आठ जण मिळून रेटण्याआधी प्रत्येकाने एकदा एकट्याने रेटायचे.

परवा बेकरीवाल्या जोआनची पाळी आली. तिने गादीला खांदा लावला, आणि रेटायच्या आधीच सरळ उभी राहिली.

"नको," ती म्हणाली. "आज खांदा दुखतोय."

शनिवारी सामना होता आणि तिच्या जागेवर दुसरे कोणी नव्हते. सगळे डॅरलकडे बघू लागले. डॅरल खाली उतरला, तिच्यासमोर उभा राहिला आणि टाळ्या वाजवू लागला. केल्विन नेहमीप्रमाणे मदतीला आला होता. तोही सुरू झाला, मग मास्तर, मग बाकीचे. जोआन लाजून लाल झाली आणि टाळ्यांमधूनच चहाच्या खोलीकडे चालत गेली.

मित्रांनो, मला वेळच्या वेळी तेल द्या, पावसात झाका, एवढे तर मी मागेनच. पण तुम्हाला कुठे दुखत असेल तर सांगा. लोखंडाला सांगता येत नाही, तुम्हाला येते.