रोजचा एक कॅन

लग्न होऊन नौपाड्यात आले तेव्हापासून मी दुधाच्या पिशव्या धुते, दोरीवर वाळत घालते आणि रद्दीवाल्याला विकते. यात लाजायचं काय? माझी मुलगी उर्वी कॅनडातून व्हिडिओ कॉलवर ती दोरी बघते आणि कपाळाला हात लावते. लावू दे. कपाळ तिचं आहे.

मे महिन्यात नातू सुश्रुत राहून गेला. पाणी प्यायल्यासारखं कोल्ड्रिंक प्यायचा. त्याचे रिकामे कॅनही मी सवयीने धुतले आणि गॅलरीत पालथे घातले. रद्दीवाला म्हणाला, हे आपण घेत नाही. खाली कचऱ्याच्या पिंपापाशी एक बाई नेमके तसलेच कॅन वेचताना दिसल्या, म्हणून त्यांना खिडकीतून हाक मारली. त्या रंगूबाई. मोहन्याहून लोकलने यायच्या. नवरा तिकडे कारखान्यात होता. आधी कारखाना बंद पडला, मग नवरा गेला. आता वेचलेले कॅन भंगारवाल्याला घालून त्यांचं पोट चालत होतं.

"धुतल्यात व्हय?" त्या दारातच हसत खाली बसल्या. "अवं ताई, ह्ये वितळवत्यात. ह्यात कुनाला जेवायचं न्हाई!"

मलाही हसू आलं. किती दिवसांनी आलं, देव जाणे. रंगूबाईंनी जिन्याच्या कठड्याला धरून एकेक कॅन टाचेखाली घेतला आणि भाकरीसारखा चपटा केला. पोत्यातून हवा वाहायची नाही, असं त्यांचं म्हणणं. मग उंबऱ्यावर बसून चहा घेतला. सुनेची कागाळी केली, गुडघ्यांना शिव्या घातल्या, माझ्या चहात आलं कमी आहे हेही सांगून टाकलं. त्या गेल्यावर घर इतकं गप्प झालं, की मी उगाचच कपबशा दोनदा विसळल्या. खरं सांगायचं तर मला एकटेपणाने घेरलं होतं, आणि तोवर मी त्याला शांतता म्हणत होते.

पुढच्या खेपेला त्यांनी जिन्यातूनच विचारलं, "ताई, कॅन हायत का?"

"नाहीत हो."

त्या तिथूनच मागे वळल्या. त्यांचं तरी काय चुकलं? त्या कामाला आल्या होत्या. पण मी जिन्यात जाऊन ओरडले, "उद्या या! उद्या असेल!"

असणार कुठून? मला मधुमेह. तरी दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या सिद्धेशच्या दुकानातून एक कॅन आणला आणि बेसिनमध्ये ओतला. मग रोजच. दुधाच्या पिशव्या विकणारी मी, रोजचे पैसे असे ओतून देत होते. बेसिन मात्र लख्ख झालं. सिद्धेश विचारायचा, "काकू, नातू आला काय परत?" मी म्हणायचे, "तू सुटे दे." आणि अकराच्या सुमाराला बेल वाजायची. मग टाचेखाली एक कॅन चपटा व्हायचा, आणि दोन कप चहा. माझा दिवस तेवढाच, बाकी सगळं नुसतं घड्याळ.

मग आमच्या सोसायटीची सभा झाली. सेक्रेटरी महेंद्र म्हणाले, जिन्यात आवाज होतो, भंगारवाल्या बाईला वर येऊ देऊ नये, आजकाल काही सांगता येत नाही. माझं डोकंच फिरलं. उभी राहिले आणि सगळ्यांना चांगलं फैलावर घेतलं. "लिफ्ट लावायची ऐपत नाही आपली. ती बाई दुखऱ्या गुडघ्यांनी तीन मजले चढते आणि तुम्हाला ती चोर वाटते? एवढंच असेल तर फाटकापाशी एक पेटी ठेवा! प्रत्येकाने आपापले कॅन त्यात टाकावेत. तिचेही पाय वाचतील!"

टाळ्या पडल्या. ठराव एकमताने मंजूर. मी ताठ मानेने घरी आले. भांडणात जिंकले की मला दुसरं काही सुचत नाही. आपण नक्की काय मागून घेतलं, हे पेटी आल्यावर कळलं.

अकरा वाजले. बेल वाजली नाही. फाटकापाशी मात्र कॅन चपटे होत होते, एकामागून एक. चहा दोन कप केला होता, ते दोन्ही मीच प्यायले.

आठवडाभर कळ काढली. शेवटी एक दिवस पातेल्यात दोन कप पाणी घालून ठेवलं, कॅन बेसिनमध्ये ओतला आणि तो घेऊन स्वतःच खाली गेले. रंगूबाई पेटी उपसत होत्या. पोतं टम्म फुगलं होतं.

"ताई!" त्यांचा चेहरा फुलला. "तुमच्यामुळं गुडघं वाचलं बगा माझं. आता पुढच्या बिल्डिंगीवाल्यांनीबी पेट्या ठेवल्यात. देव तुमचं भलं करू दे."

"वर या की. आलं घालून चहा करते."

"आता कुठं वो. समद्या पेट्या उपसून गाडी गाठायची हाय." माझ्या हातातला कॅन घेऊन त्यांनी खाली ठेवला. "तुमच्याकडं पाव्हनं लई येत्यात, न्हाई? रोज एक कॅन ठरलेला. मी मनात म्हनायची, ताईंचं घर भरलेलं हाय."

"एक पाहुणी यायची," मी म्हटलं. "रोज."

"मग आता?"

"आता नाही येत."

"यील की. कामात असंल." त्यांनी कॅनवर टाच दिली, तो पोत्यात टाकला, पोतं खांद्यावर घेतलं आणि त्या शेजारच्या फाटकात शिरल्या.

मी वर आले. पातेल्यातलं एक कप पाणी बेसिनमध्ये ओतलं आणि गॅस पेटवला.